उत्तराचं कडवं

शनिवारी सकाळी माझा मराठीचा वर्ग सुटला, की त्याच खोलीत बाईंचा वर्ग भरायचा. नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडाम गावातलं ते बुर्टहाउस, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठी असलेलं साधंसं सभागृह. खाली म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा अड्डा, वर आम्ही. माझी पोरं धडाधडा जिना उतरायची आणि बाई एका हातात सायकलची टोपली आणि दुसऱ्या हातात शंख घेऊन वर चढत असायच्या. शंख आपल्या देवघरातल्यासारखाच, फक्त चांगला हातभर लांब. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही कुणीतरी योगवाली दिसतेय, आता मला माझ्याच चक्रांबद्दल सांगणार. त्या काळात मी अशा बायांना फार भ्यायचे.

पण बाई निघाल्या ग्वामच्या. पॅसिफिकमधलं, अमेरिकेच्या ताब्यातलं लहानसं बेट. तिथल्या मूळ लोकांना आणि त्यांच्या भाषेला चामोरु म्हणतात, आणि त्यातला च चहातला नव्हे, चांदण्यातला. पहिल्याच दिवशी मी तो बरोबर उच्चारला तेव्हा बाईंनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत इथल्या कुणाला तो जमला नव्हता म्हणे. मराठी आईच्या पोटी जन्मले, यापलीकडे त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. पण मी उगाच भाव खाल्ला.

त्यांना मी बाई म्हणते ते मनातल्या मनात. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मधूनमधून डच शब्दांचे खडे. पण ज्या पद्धतीनं त्या खोलीत शिरताच खुर्च्या भिंतीला लावायच्या, पोरांना बूट काढायला लावायच्या, आणि एकही शब्द न बोलता नुसत्या उभ्या राहून सगळ्यांना गप्प करायच्या, त्याला दुसरा शब्दच नाही. माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाईही अशाच होत्या.

माझं स्वतःचं शिकवणं मात्र अपघातानं सुरू झालेलं. २०११ साली मी झूटरमेरला आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधून. पुण्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. इथे मी ‘डिपेंडंट’ झाले. इथल्या मराठी मंडळाला पोरांसाठी मराठीचा वर्ग काढायचा होता आणि मंडळात मी एकटी रिकामी होते. मग काय, झाले मराठीची शिक्षिका. गाणी, फुगडी, झिम्मा, लेझीम हेही मीच शिकवायचे, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं आदल्या दिवशी यूट्यूबवर बघून. पोरं मला मराठी कळल्याचं डोळ्यांनी सांगायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. आईबापांना तेवढंही पुष्कळ वाटायचं.

दोन वर्गांच्या मधे मिळणाऱ्या वेळात आम्ही दोघी खालच्या मशीनची कॉफी पीत उभ्या असायचो. तिथेच मला बाईंचं आयुष्य तुकड्यातुकड्यानं कळलं. लहानपणी त्यांच्या शाळेत चामोरु बोललं की शिक्षा व्हायची, इंग्रजीच बोलायचं. म्हणून त्या आणि त्यांच्या बहिणी शाळेत जवळजवळ मुक्याच असत. मी म्हटलं, माझ्या पुण्यातल्या शाळेतही मराठी बोललं तर बाकावर उभं करायचे. बाईंनी विचारलं, ‘मग तुझे आईवडील चिडले नाहीत?’ चिडतात कुठले! शाळा किती कडक आहे म्हणून चार लोकांत कौतुकानं सांगायचे. हे त्यांना सांगताना माझी मान खाली गेली. आपलं आपणच करून घेतलेलं कुणाला सांगायला लागलं की कसं होतं ते तेव्हा कळलं.

बाईंची आजी नारळ खवताना गायची. त्यांच्याकडे खवणी असते ती बसायच्या पाटालाच जोडलेली, आपल्या विळीसारखी. आजी गाणं शिकवत नसे, नुसती गात असे, आणि पोरींनी ते उचलायचं. पुढे एका डच इंजिनिअरशी लग्न करून बाई इकडे आल्या. भला माणूस, पण चामोरुतले जेवणाचे आणि प्रेमाचे शब्द सोडले तर त्याला काही येत नव्हतं. सुरुवातीची कित्येक वर्षं बाई स्वयंपाकघरात एकट्याच बोलायच्या, भांड्यांशी. मग इथे तिथे विखुरलेली अशीच तीनचार कुटुंबं त्यांनी शोधून काढली. कुणी लष्करातल्या अमेरिकनाशी लग्न करून युरोपात आलेली, कुणी नोकरीसाठी आलेलं. त्यांची पोरं बाई दर शनिवारी गोळा करायच्या. पावसात, वाऱ्यात, सायकलवर. शंख टोपलीत.

नाच शिकवताना त्या एक गोष्ट आधीच सांगून टाकायच्या. स्पॅनिश लोक आले तेव्हा जुने नाच बुडाले. आज जे नाचतो ते त्यांच्या पिढीच्या शिक्षकांनी उरल्यासुरल्यावरून पुन्हा बांधलेलं आहे. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळेपणाचा लवलेशही नसायचा. मी मात्र यूट्यूबवरचा झिम्मा ‘आपली हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून खपवत होते.

पण जी गोष्ट बुडाली नव्हती ती गाण्याची. चामोरिता म्हणतात तिला. चाल एकच, ठरलेली. एकानं त्या चालीवर चार ओळी जागच्या जागी रचून समोरच्यावर टाकायच्या, आणि समोरच्यानं त्याच चालीवर चार ओळींनी उत्तर द्यायचं. चिडवायचं, टोमणा मारायचा, प्रेमही करायचं. आपल्या भेंड्या आणि उखाणे यांचं लग्न लागलं तर होईल ते पोर असं काहीतरी. यात पाठांतर चालत नाही. आणि उत्तर देणारं माणूस नसेल तर गाणं पुढे जातच नाही. एकट्यानं म्हटलं तर ते गाणं नव्हे, नुसतं ओरडणं, असं बाई म्हणायच्या.

उत्तर देणारं माणूस त्यांच्याकडे एकच होतं. त्यांची मुलगी.

उशिरा झालेली, एकुलती एक. सतरा वर्षांची, उंच, बापासारखी हाडापेरानं मोठी आणि आईसारखे काळेभोर केस. तिला सगळं कळायचं. तान्ही असताना न्हाऊ घालतानाही बाई तिच्यावर कडवी टाकत आल्या होत्या. पण वयात आल्यापासून ती आईला उत्तरं डचमध्ये द्यायला लागली होती. वर्गातल्या बाकीच्या पोरांचं वय रंगवायच्या वहीचं. ती काय रचणार? पुढच्या वर्षी मुलगी शिकायला ग्रोनिंगनला जाणार होती. तिथे गेली की संपलंच, असं बाई म्हणायच्या आणि कॉफीचा कप चुरगळून टाकायच्या.

त्या शरदात मात्र एक दिवस बाई जिना चढतानाच हसत होत्या. मुलीनं एक कडवं रचलं होतं. स्वतः, कुणी न सांगता, चामोरुमध्ये. बाई तिला चिडवत होत्या, की माझी लेक बर्फाच्या गावाला निघाली, तिला साधा भात शिजवता येत नाही, कशी जगणार. आणि मुलीनं त्याच चालीवर फटकन परतवलं: भात करपला तर करपू दे, आई, पण तू समुद्रापलीकडून जरी हाक मारलीस तरी मी ओ देईन. बाईंनी मला दोन्ही कडवी गाऊन दाखवली, मग अर्थ सांगितला, मग परत गाऊन दाखवली. डोळे पुसले.

‘हे लोकांसमोर व्हायला हवं,’ मी म्हटलं. ‘आमच्या दिवाळी संमेलनात या. आमचे लोक म्हणजे हॉल भरून येतात. उभं राहायला जागा नसते.’

मी हे मनापासून म्हटलं होतं, आणि ते खरंही होतं. बाईंनी मुलीला विचारलं. ती तयार होईना. अनोळखी लोकांसमोर, नाचाच्या असल्या झावळ्यांच्या घागऱ्यात, असल्या भाषेत? आईनं बरीच मनधरणी केली असणार. शेवटी ती म्हणाली, एकदा गाईन. बरं वाटलं तर जायच्या आधीचे सगळे शनिवार वर्गावर येईन आणि धाकट्यांना कडवी रचायला शिकवीन. नाही वाटलं, तर परत मला विचारायचं नाही. एवढं सगळं त्या एका कार्यक्रमावर येऊन ठेपलं होतं, आणि तो कार्यक्रम आमच्या मंडळाच्या हातात होता.

माझा नवरा तेव्हा मंडळाच्या सांस्कृतिक समितीवर होता. समितीला कल्पना भलतीच आवडली. ‘इंटरनॅशनल टच’ येईल म्हणाले. पाहुण्यांचा कार्यक्रम शेवटी ठेवायचा असं ठरलं, कारण सर्वांत भारी ते शेवटी. मी दोन्ही कडव्यांचा मराठी अर्थ लिहून काढला, म्हणजे आधी तो सांगता येईल आणि लोकांना ऐकताना गंमत कळेल. त्यासाठी चार दिवस घासले. ‘ओ देईन’ हे तर अगदी आपलंच वाटत होतं.

कार्यक्रम दुपारी दोनचा. बाई दोनला दहा मिनिटं कमी असताना हजर. सोबत मुलगी, तीन चिमुरडी, त्यांचे आईबाप, घागरे, शंख. हॉलमध्ये तेव्हा मी, रांगोळी काढणाऱ्या दोघी, आणि जिवाच्या आकांतानं ‘हॅलो, चेक’ करणारा एक इंजिनिअर. तीन वाजून गेल्यावर लोक डोलत डोलत यायला लागले. पैठण्या, कुर्ते, मिठ्या, फोटो. साडेतीनला दीपप्रज्वलन, तेही काडेपेटी सापडत नव्हती म्हणून अडलेलं. रंगमंचामागच्या पायरीवर मुलगी नटूनथटून बसली होती, उघडे खांदे, वर जॅकेट. तिनं मला विचारलं, ‘हे नेहमी इतकं उशिरा असतं का?’

‘इंडियन टाइम!’ म्हणून मी हसले. जगातल्या कुठल्याही कोपऱ्यात आपण हे म्हणून हसतो, आणि समोरच्यानंही हसावं अशी आपली अपेक्षा असते. ती हसली नाही. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग सुरू झाला आमचा आनंदोत्सव. लहान मुलांचे नाच, कारण ते आधी झाले नाहीत तर आयांची मनं दुखतात. मग फॅन्सी ड्रेस. मग कॅराओकेवर एकामागून एक काका. मग नवरा-बायकोच्या भांडणावरची एक नाटिका, तिच्यात सगळे आपापले संवाद विसरले आणि त्यालाच सर्वांत जास्त हशा मिळाला. प्रत्येक जण माइक हातात आला की ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणायचा. मी मधूनमधून आत जाऊन बाईंना चकली देत होते, चहा देत होते, ‘बस, आता तुमचंच’ म्हणत होते. चिमुरड्यांपैकी एक झोपून गेली. मुलगी भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत होती. आपलं कडवं घोकत होती बिचारी. पाठांतर चालत नाही असं गाणं, पण पहिल्याच वेळी धीर कुठून येणार?

सगळ्यात शेवटी अध्यक्षांचं भाषण. विषय: परदेशात मातृभाषेचं जतन. भाषण चांगलं झालं, तेच वाईट वाटतं. भाषा म्हणजे संस्कृतीचा श्वास, मुलांशी घरात मराठीतच बोला, लहान लहान भाषा मरतायत, आपण जागं व्हायला हवं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्याआडून बाईंकडे पाहिलं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण टाळ्या पडल्या की त्याही वाजवत होत्या.

मग मी माइकवर गेले. हॉल गच्च भरलेला होता, मी कबूल केलं होतं तसा. चामोरु लोकांबद्दल दोन वाक्यं बोलले. एक आई आणि तिची लेक आता एकमेकींना गाण्यातून चिडवणार आहेत, असं सांगितलं. लोक सावरून बसले, कारण चिडवणं म्हटलं की आपल्याला रस येतोच. मी पहिल्या कडव्याचा अर्थ सांगितला. भात शिजवता येत नाही म्हटल्यावर आया हसल्या. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात अध्यक्ष मंचावर आले. माझ्या हातातला माइक त्यांनी अलगद घेतला, ‘एकच मिनिट हं’ म्हणाले, आणि लोकांकडे वळले.

‘एक छोटीशी सूचना. हॉल आपल्याला आठ वाजता रिकामा करून द्यायचाय. पुऱ्या गरम आहेत, गार होतील. तेव्हा ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत, त्यांनी जेवायला सुरुवात केली तरी चालेल. कार्यक्रम सुरूच राहील.’

नेदरलँड्समधल्या मराठी मंडळात ज्याच्याबरोबर लहान मूल नाही असा माणूस मला दाखवा.

आधी मागच्या रांगा उठल्या, मग मधल्या, आणि मग दुसरे उठले म्हणून उरलेले. खुर्च्यांचे आवाज, पोरांना हाका, ‘अरे, प्लेट घे’, ‘रांग कुठून आहे?’ आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण आपण लाडानं म्हणतो. त्या दिवशी मी ती मंचावरून, समोरून पाहिली. कुणी दुष्टपणे उठलं नाही. दोनतीन जणींनी जाता जाता मला हात करून ‘छान चाललंय’ असंही खुणावलं. माझ्या हातात माइक परत आला होता आणि दुसऱ्या कडव्याचा अर्थ सांगायचा राहिला होता. तो मी लोकांच्या पाठींकडे बघत सांगितला. शेवटचं ‘ओ देईन’ म्हणाले तेव्हा दाराशी गर्दीत कुणीतरी श्रीखंडाबद्दल विचारत होतं.

उरले ते आजीआजोबा. पुण्यामुंबईहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. त्यांची ताटं मुलं तिथेच आणून देणार होती, म्हणून ते बसून होते.

बाईंनी शंख फुंकला. चिमुरडी नाचली. मग मायलेकी पुढे आल्या. बाईंनी आपलं कडवं टाकलं. काय आवाज होता! खणखणीत, खट्याळ, कमरेवर हात ठेवून. चार ओळी संपल्या आणि त्या मुलीकडे वळल्या, भुवई उडवून, घरात उडवत असतील तशी.

मुलगी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होती.

बाईंनी तेच कडवं परत म्हटलं, जरा हळू. थांबल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या मांडीवर ताट आलं, चमचा वाजला. मुलगी वळली आणि आत निघून गेली. धावत नव्हे, चालत. माझ्या अंगावरून जाताना ती तोंडातल्या तोंडात डचमध्ये काहीतरी बोलली. ते माझ्यासाठी नव्हतं, पण तोवर मला तेवढी डच येत होती. ‘बघ आई, म्हटलं होतं ना. कुणालाच नकोय हे.’

आणि बाई मंचावर एकट्या. मला वाटलं, आता नमस्कार करून त्याही आत येतील. त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि मुलीचं कडवं त्यांनी स्वतःच म्हटलं. भात करपला तर करपू दे, तू समुद्रापलीकडून हाक मारलीस तरी मी ओ देईन. समोर कुणी नव्हतं तिथे, मुलगी उभी होती त्या जागेकडे बघून. एकट्यानं म्हटलं तर ते नुसतं ओरडणं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर जायला हवं होतं, शेजारी उभं तरी राहायला हवं होतं, पण पाय जागचे हलेनात. एका आजींनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही, ताटं सांभाळत.

वाटलं, झाली तेवढी विटंबना पुरे. पण आपलं आतिथ्य अजून बाकी होतं. अध्यक्षांनी बाईंना जेवणाच्या हॉलमध्ये नेलं आणि तिथे, पुऱ्यांच्या रांगेशेजारी, शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. ‘खास फिलिपीन्सहून आलेल्या पाहुण्या,’ असं म्हणाले. मी ओरडून सुधारलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि या खेपेला त्या खरंच दणदणीत होत्या. बाईंनी शाल अंगावर घेतली. नारळ हातात आल्यावर तो कानाशी नेऊन हलवून पाहिला, माझी आई मंडईत बघायची अगदी तसाच, आणि टोपलीत ठेवला. फोटो निघाले.

‘जेवून जा,’ मी म्हटलं. याहून मूर्ख शब्द मला सापडले नाहीत.

‘मुलगी गाडीत बसलीय,’ बाई म्हणाल्या. आणि मग, माझा चेहरा बघून असेल, माझा दंड दाबून म्हणाल्या, ‘तुझ्या लोकांना भूक लागली होती. भूक काही गुन्हा नाही.’

त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरी जाताना गाडीत मी नवऱ्यावर तोंडसुख घेतलं. पाहुण्यांना पाच तास ताटकळत ठेवता, त्यांच्या तोंडावर जेवणाची सूचना देता, लाज नाही वाटत? तो खरोखरच चकित झाला. ‘अगं, जेवणाच्या हॉलमध्येही स्पीकर होता की. सगळ्यांना ऐकू येत होतं.’ त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्याला ते दिसलंच नव्हतं. आणि तोही तिथे पुऱ्या वाढत उभा होता, मंडळाच्या कामातच. मागच्या सीटवरून आमच्या मुलानं इंग्रजीत विचारलं, की त्या बाई रडत का होत्या. मला त्या रडताना दिसल्या नव्हत्या. त्याला दिसल्या होत्या.

पुढच्या शनिवारी बाई जिना चढत आल्या, टोपली, शंख, सगळं तसंच. मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं की बाई हवेचा विषय काढायच्या. पोरांना मात्र आता त्या फक्त नाच शिकवायच्या आणि प्रार्थना. चामोरिता वर्गातून निघून गेली. एकदा मी धीर करून विचारलं तर म्हणाल्या, ‘शब्दांवर अजून हात बसला नाहीये त्यांचा. बघू पुढे.’ सप्टेंबरात मुलगी ग्रोनिंगनला गेली. रोज फोन करते, भातही छान करते आता, असं बाई सांगायच्या. कुठल्या भाषेत बोलते ते मी विचारलं नाही. बोलण्यात मधेच त्या डच शब्द पूर्वीपेक्षा जास्त वापरायला लागल्या होत्या.

माझ्या वर्गात मात्र पोरं वाढत होती. मंडळाच्या लोकांना अध्यक्षांचं भाषण भावलं होतं.

आणि दिवाळी पुन्हा आली. समितीच्या बैठकीहून नवरा घरी आला तो उत्साहानं. गेल्या वर्षी त्या बेटावरच्या बाईंचा कार्यक्रम फार छान झाला होता, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं. त्यांना परत बोलवायचं ठरलं. ‘या वेळी जेवण नंतर,’ तो मोठ्या मनानं म्हणाला, ‘तू फक्त विचार.’

मी विचारणार नव्हते. पण समितीतल्या कुणीतरी बुर्टहाउसच्या पत्त्यावर परस्पर ईमेल पाठवून दिली, आणि शनिवारी बाईच माझ्याकडे आल्या. कॉफीचं मशीन घरघरत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. नव्या पालकाला वर्गाची फी सांगावी तशा सावध आवाजात त्या बोलल्या.

‘यायला हरकत नाही. पोरांना तेवढाच मंच मिळतो. पण मुलगी येणार नाही. आता माझ्याकडे फक्त विचारायचं कडवं आहे, उत्तराचं नाही. तुमच्या लोकांना तसं चालेल का?’

त्यांनी हे मला टोचायला विचारलं नव्हतं. शिक्षिकेनं दुसऱ्या शिक्षिकेला विचारावं तसं विचारलं होतं: कार्यक्रम अपुरा वाटेल का, लोक नाराज होतील का. त्या माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होत्या, आणि मी कॉफीकडे बघत होते. नाही चालणार, असं म्हणायची माझी फार इच्छा होती. पण चाललं असतं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं.